अस्वानला जाताना मला डब्यांबरोबर चढवलं

तीर्थरूप नर्गिसताईला,
अलेक्झांड्रियाहून धाकट्या इन्शिराहचा सलाम. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला? (सिगारेट सोडा म्हणून सांगून सांगून तुझाच घसा बसला असेल.) इकडे सगळं ठीक, म्हणजे मी चिडलेली आणि हे शांत.

अखेर अस्वान पाहून आलो. पोलिओने पाय नेले त्याला पन्नास वर्षं झाली. चाकाच्या खुर्चीतून मी तीस वर्षं भूगोल शिकवला, मुलींकडून नाईल उगमापासून मुखापर्यंत पाठ करून घेतली, पण अस्वानचं पाणी काही पाहिलं नव्हतं. म्हणून कैरोहून विमान. खुर्चीचं आधीच कळवलं होतं, तेही दोनदा! तरी काउंटरवरच्या पोरीने माझ्याकडे न बघता ह्यांना विचारलं, "चालतात का?" ह्यांचं कानाचं यंत्र खिशात (बॅटरी वाचवतात म्हणे). ह्यांना वाटलं, आपल्या दुकानातल्या घड्याळांची चौकशी आहे. "उत्तम चालतात, देवाची कृपा!" पोरीने तसं लिहून घेतलं.

झालं! माझी खुर्ची सामानात, वर न्यायची गाडी रद्द, आणि मी विमानाच्या जिन्यापाशी उसन्या खुर्चीत, भर उन्हात. वरून हवाईसुंदरी ओरडतेय, "मॅडम, लवकर या ना!" मी म्हटलं, "बाई गं, मी तयार आहे, जिन्याला खाली पाठव." शेवटी जेवण चढवायची गाडी आली आणि कोंबडी-भाताबरोबर मी वर गेले. (डब्यांना पट्टा बांधला होता, मला नाही.)

अस्वानला कळलं, माझी खुर्ची हुरघदाला समुद्रावर गेली आहे. बदली मिळाली ती सारखी डावीकडे पळणारी. वाटाड्या ह्यांना म्हणतो, "बाईंना बसमध्येच राहू द्या, मी देवळाचे फोटो काढून आणतो." फोटो! ते मी तीस वर्षं फळ्यावर लावलेत. ताई, तेव्हा मात्र रागाने रडूच आलं. ह्यांनी (एव्हाना यंत्र कानात होतं) बस थांबवली आणि मला घाटावर उतरवलं.

तिथे शाझली नावाचा म्हातारा होडीवाला. सरळ माझ्यासमोर उकिडवा बसला. "होडीत यायचंय ना, बाई? मग कुठे धरू ते सांगा. तुम्हाला ठाऊक, मला नाही." इतक्या प्रवासात मला कुणी काही विचारलं ते हे पहिल्यांदाच. कोपरापर्यंत हात पाण्यात घालून बसले होते, गं. उगम, उपनद्या, सगळं विसरले.

खुर्ची परत मिळाली, एक चाक वाकडं. विमानाचं पुन्हा नाव काढणार नाही.

तुझी,
इन्शिराह

ता. क. नोव्हेंबरची तिकिटं काढली आहेत. विमानाचीच.

ता. क. ईदला तुझ्याकडे येतोय. दरवेळी तुझ्या दारात भाऊजी आणि शेजारी मला गॅसच्या टाकीसारखं उचलतात आणि मी हसते. वीस वर्षं हसतेय. मला ते आवडत नाही, ताई. आधीच सांगायला हवं होतं. मंगळवारी गवंडी येईल, उतार बांधायला. माप त्याला दिलंय. तू फक्त चहा दे, आणि "दोनच तर पायऱ्या आहेत" असं त्याला सांगून परत पाठवू नकोस.