बाभळीचं गिटार आणि डोणगावचा रेडिओ

मु. पिंपळगाव राजा,
चैत्र वद्य पंचमी

राजश्री शेषरावभाऊ, मुक्काम डोणगाव, यांस उत्तमरावाचा सप्रेम रामराम. विनंती विशेष.

इकडे सर्व ठीक. सासूबाईंच्या पायाचं वर्तमान कळून समाधान झालं. त्या गोठ्यात घसरल्या तेव्हा आम्हा सर्वांच्या जिवाला घोर लागला होता. पण परवा खामगावच्या बाजारात तुमचा एक गाववाला भेटला. तो म्हणाला, त्या आता काठीशिवाय विहिरीवर जातात, आणि एकदा बकरीमागे धावल्यासुद्धा. देवाची कृपा. (बकरीमागे धावणारा पाय बरा झाला, असं आमच्याकडे धरतात. तुमच्याकडे काय रीत आहे ते ठाऊक नाही.)

संक्रांतीनंतर तुम्ही मुऱ्हाळी होऊन आलात आणि आपल्या भगिनीस आईच्या सेवेसाठी घेऊन गेलात, ते योग्यच झालं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार झालीच तर पुढची आहे. माझी आई, रुखमाबाई, म्हणते, "ज्यायनं नेली त्यायनं आणून घालावी. आपण काऊन जावं?" तिकडून निरोप येतो की ज्यांची सून त्यांनी माणूस पाठवावा. अरुंद पाणंदीत दोन गाड्या समोरासमोर आल्या आणि मागे कोणी घ्यायचं यावर दोन्ही गाडीवान विड्या ओढत बसले, असा हा प्रकार आहे. मी स्वतः निघावं, तर न बोलावता बायकोमागे आलेला जावई म्हणून दोन्ही गावं हसतील, आणि माझी आई तर दाराला कडी लावील. असो. हा या पत्राचा विषय नव्हे. या पत्राचा विषय गिटार आहे.

तुम्हाला आठवत असेल, दिवाळीला आम्ही दोघं डोणगावला आलो होतो. तुम्ही तुमच्या नव्या बॅटरीच्या रेडिओचा कान पिळत बसला होता आणि मधेच कुठल्याशा स्टेशनावर ते वाद्य लागलं. विजेवरचं गिटार, असं सांगणारा म्हणाला. तुम्ही पुढे कापसाचे भाव शोधायला गेलात. (राग नाही.) पण तेवढ्यात तुमची बहीण पुरणाच्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. मला हळूच म्हणाली, "कसं वाजून राह्यलं हो. जसं कोणी हाक मारून राह्यलं, पण नाव नाही घेत." एवढं बोलून ती आत गेली. मी तिथेच बसून राहिलो. ती इथे नसताना मला हे वाक्य फार ऐकू येतं, भाऊ. भाकरी करपली तरी ऐकू येतं.

म्हणून ठरवलं की ती यायच्या आत गिटार करून ठेवायचं. आमच्या गावात वीज नाही हे खरं, पण गणपती बसवायला कैलास कुठे लागतो? नांदुऱ्याला स्टेशनाजवळ वाहेदचं सायकलचं दुकान आहे. त्याच्याकडे एका इंग्रजी मासिकाचं पान होतं, त्यावर या वाद्याचं चित्र. वाहेद माझा जुना दोस्त. तो म्हणाला, "बे उत्तम, चुंबक मी देतो, तार मी देतो. लाकडाचं तू पाह्य." मोडक्या डायनमोचं चुंबक, वाद्यावर ताणायला पोलादी तारा आणि जळक्या रेडिओतली केसासारखी बारीक तांब्याची तार घेऊन मी घरी आलो.

लाकडासाठी कडूबा सुताराकडे गेलो. कडूबाने जन्मात बैलगाड्या आणि वखर सोडून काही केलेलं नाही. त्याने चित्र उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "हे कोन्या बैलाच्या मानेवर ठेवाचं हाय?" मी म्हटलं, मांडीवर ठेवायचं आहे. त्याने माझ्या मांडीकडे दयेने पाहिलं आणि जुनी, मुरलेली बाभूळ काढली. झालं ते मजबूत झालं, यात शंका नाही. आमच्या घरावर दरोडा पडला तर हत्यार म्हणून उपयोगी पडेल. मांडीवर घेतलं की पाय बधिर होतो आणि उठवायला माणूस लागतो.

आता खरी फजिती सांगतो. या वाद्याच्या दांडीवर आडवे पडदे असतात, सतारीला असतात तसे. चित्रात ते पडदे वरच्या टोकाला लांब लांब आणि खाली येता येता जवळ जवळ दिसत होते. मी मनात म्हटलं, फोटोवाल्याने बांधावर उभं राहून फोटो काढलेला दिसतो. पेरणीच्या ओळी नाहीत का, जवळून पाहिल्या तर ऐसपैस आणि पल्याडच्या बांधाला एकमेकींना चिकटलेल्या दिसतात? म्हणून काय त्या चिकटलेल्या असतात? आमचे वडील महादेवराव यांच्या तिफणीची ओळ अख्ख्या शिवारात सरळ मानली जायची. त्यांचा मुलगा वाकडंतिकडं अंतर ठेवील? मी दोरी धरली, माप घेतलं आणि सायकलच्या तारांचे तुकडे थेट तिफणीच्या हिशेबाने, अगदी सारख्या अंतरावर ठोकले. पीक कसं यावं? पहिल्या दोन-तीन पडद्यांपर्यंत सूर बरा चालला आणि पुढे बांध फोडून दुसऱ्याच्या वावरात शिरला. आई आतून म्हणाली, "कोनाचं ढोर सुटलं का रे?"

शेवटी रागाने सगळे पडदे उपटले. उपटल्यावर आठवलं की रेडिओवर तो सूर ठेच लागत चालत नव्हताच, घसरत जात होता. मग आईचा मिरच्या कुटायचा पितळी बत्ता उचलला, वाद्य आडवं मांडीवर घेतलं आणि तारांवरून बत्ता सरकवून पाहिला. भाऊ, तो सूर जवळपास तसा निघाला. तेव्हापासून आमच्या घरी भाजी मिळमिळीत आहे, कारण बत्ता मी सोडत नाही.

राहिलं विजेचं काम. चुंबकाभोवती तांब्याची तार हजारो वेढे गुंडाळायची होती. हाताने होईना, म्हणून आईच्या चरख्याला विनंती केली. आईने चाक धरलं आणि तार सुरेख भरली. मधे ती पुष्कळदा तुटली, पण आईने दर वेळी सुताला देतात तसा पीळ देऊन, थुंकी लावून जोडली. मी कौतुकाने पाहत होतो. मग वाहेदकडून मिलिटरीच्या लिलावातली कानाला लावायची डबी आणली, जोडली, तर आत मसणवटीची शांतता. वाहेद आला आणि पोट धरून हसला. "अरे, सूत नाही हे. तारेच्या अंगावर लाखेचं साल असतं, ते खरवडल्याबिगर वीज जात नाही." आईला राग आला. म्हणाली, "माह्या हातचा सांधा आजवर सुटला नाही." सुटला नव्हताच. वीज तेवढी अडली होती. सगळी तार उलगडून, प्रत्येक सांधा खरवडून पुन्हा गुंडाळली.

आणि आता वाजतं. पण इतकं बारीक की डबी ज्याच्या कानाला, त्यालाच ऐकू जातं. बाकीच्यांना मी मांडीवर ओंडका घेऊन बत्ता घासताना दिसतो. गावात त्यावरून काय बोललं जातं ते लिहीत नाही. काल आईने डबी कानाला लावली. मी वाजवलं. तिने डबी दोन्ही हातांनी कानाशी दाबून धरली. मग म्हणाली, "याच्यातून डोणगाव ऐकू येत असंन तं सांगजो." डबी ठेवून ती उठली, आणि सुनेच्या ट्रंकेवरची धूळ पदराने पुसली. तिला बोलवायला माणूस पाठवूया का, असं मी विचारलं, तर म्हणाली, "आपण काऊन?"

इथे सर्वांची आठवण निघते. सासूबाईंना नमस्कार, त्यांच्या पायालाही.

आपला,
उत्तमराव

ता. क. एक लिहायचं राहिलं. वाहेद म्हणतो, डबीऐवजी ही तार तुमच्याकडे आहे तशा रेडिओच्या पाठीमागच्या भोकांत खोचली, तर अख्ख्या आळीला ऐकू जाईल. आमच्या जवळच्या माणसांत रेडिओ तुमच्याकडेच. तरी तो घेऊन एकदा यावं. मोटारीत धक्के फार बसतात, म्हणून रेडिओ कोणीतरी मांडीवर धरून आणला पाहिजे. तुमच्या हातात तर छत्री टिकत नाही. तुमच्या बहिणीचा हात जपणारा आहे. असं केलं म्हणजे तुम्ही रेडिओ पोचवायला आलात, बहिणीला नव्हे. आमची आईही रेडिओच उतरवून घेईल. दोन्ही घरांची रीत शाबूत राहील.

ता. क. दुसरा. आखजीच्या आत यावं, म्हणजे अक्षय तृतीयेआधी. एकदा सण लागला की तुम्ही म्हणाल लेक सणाला माहेरी असावी, मग पेरण्या येतील, मग कोण कोणाला आणतो.

ता. क. तिसरा. तुमच्या रेडिओची बॅटरी उतरली असेल, किंवा तो द्यायला जीव होत नसेल, तर रेडिओ राहू द्या. खरं सांगतो, रेडिओ नाही आला तरी चालेल. माझ्याकडे डबी आहे. ती एकाच कानाला पुरते, आणि मला तो एकच कान पाहिजे. खालची ओळ तेवढी तिला वाचून दाखवा. सासूबाईंसमोर दाखवलीत तरी चालेल.

मंजुळा, ये.