हात दुसऱ्याचे

माय,

दोन्ही हात जोडून तुह्या पाया पडतो. नमस्कार माहा, हात दुसऱ्याचे.

अक्षर वाकडं आलं, रागावू नको. व्यायामाच्या मॅडम रोज लिहायले लावतात, म्हणून पत्रच लिहून राह्यलो. तब्येत बरी आहे. जेवण मिळमिळीत, तुह्या ठेच्याची याद येते. पण घास आता स्वतः उचलतो. बाबाचा खोकला कसा आहे?

एक गोष्ट मनातून जात नाही. थ्रेशरमधी हात गेल्यावर मी रोज देवाले नवे हात मांगत होतो. ते तर मेलेल्या माणसाचेच भेटतात. म्हंजे मी काय मांगत होतो, माय? आप्रेशन झालं त्या दिवशी तू साऱ्या किन्हीराजा गावात पेढे वाटले. त्याच्या घरी त्या दिवशी चूल पेटली नसंल.

त्याचं नाव दवाखान्यात कोणी सांगत नाही. बोटावर अंगठीचा वळ आहे, एवढंच मले ठाऊक.

पितृपक्षात आबाच्या पानाजवळ त्याच्यासाठीबी एक पान ठेवजो. कावळा शिवला नाही तर त्याले इचारजो, "बापा, तुहं कोणतं काम राह्यलं? हात माह्या पोराजवळ हायेत, तो करन."

तुहा,
विकास