वाघाचं बक्कल

प्रिय सरदार,

या नावाने तुला आता कुणी हाक मारत असेल असं वाटत नाही. तू जी कबर उघडायचास ती सरदाराचीच ठरवायचास, म्हणून उत्खननावर मीच ते नाव पाडलं होतं. तर, तुझं बक्कल अखेर साफ झालं. तू मातीतून काढलंस तेव्हा ते नुसतं हिरव्या गंजाचं ढेकूळ होतं, आणि नंतर इतकी वर्षं संग्रहालयाच्या तळघरात पडून राहिलं. निवृत्ती जवळ आली तेव्हा मी ते मागून घेतलं. साहेब म्हणाले, "घ्या, नाहीतरी दुसरं कोण बघणार आहे त्याच्याकडे."

सबंध हिवाळा मी त्याच्या सोबतीने काढला. कार्यशाळेत हल्ली मी एकटीच असते. शेजारचं टेबल मडकी जोडणाऱ्या बाईंचं होतं, त्या गेल्यावर त्यांची जागा भरलीच नाही. पातीच्या टोकाने कण कण गंज काढायचा, डबा खायचा, पुन्हा कण कण. कधी कधी घराचं कुलूप उघडताना लक्षात येतं, की आज दिवसभरात आपण एक शब्दही बोललो नाही.

तू म्हणायचास तसा वाघ आहेच. हरणाची मान धरलेला, शेपूट पाठीवर टाकलेला. असा वाघ कमरेला मिरवायचा मान त्या काळी मोजक्याच लोकांना. सोन्याचा मुलामा मात्र फक्त समोरून, लोकांना दिसेल तेवढाच. मागे उघडं कांस्य. आणि गंमत बघ, घडवणाऱ्याने वाघाचा डोळा आपला ठोकून दिलाय, हरणाचा मात्र जीव लावून कोरलाय.

आपल्या भांडणाचाही निकाल लागला. मी म्हणायचे, कबरीत ना घोडा ना भांडी, हा कसला सरदार? तू चिडून जेवायचा नाहीस. आता दिसतंय, की बक्कलाची मूळ कडी तुटली होती आणि तिच्या जागी कुणीतरी लोखंडाची ओबडधोबड कडी ठोकून बसवली. वाघाच्या पाठीवरचा मुलामा तर हाताळून हाताळून पार गेलाय. म्हणजे ते घडलं सरदारासाठीच, पण काही पिढ्यांनी ज्याच्या कमरेला आलं त्याच्यापाशी तेवढंच उरलं होतं. ते लावून तो चारचौघांत ताठ उभा राहत असेल. दोघंही बरोबर होतो रे. हे कळलं तेव्हा सांगायला मान वर केली, तर समोर भिंत.

ताई, आता हे तुमच्यासाठी, कारण नवऱ्याला पत्र तुम्हीच वाचून दाखवत असणार. त्याची नजर गेल्याचं तुम्ही मला फोन करून सांगितलंत. "ते कुणाला कळू देत नाहीत, पण धातूचं काही हाती लागलं की चाचपत बसतात," म्हणालात. मला फोन करणं तुम्हाला सोपं गेलं नसेल. पुढच्या महिन्यात बक्कल काचेआड जाईल, मग कुणालाच हात लावता येणार नाही. त्याआधी त्याला घेऊन या. साहेबांची परवानगी मी काढली आहे. टेबलावर मऊ कापड पसरून ठेवीन. हात धुवून, हातमोज्यांशिवाय, हवा तेवढा वेळ धरू द्या त्याला. तुम्ही त्याच्याजवळ बसा. मी बाजूच्या खोलीत असेन. त्याने हाक मारली तर येईन.

तुझीच,
भांडकुदळ