या पेटीतून त्या पेटीत

आई, परवा दुपारी तुझी नात पडवीत लॅपटॉप घेऊन बसली होती आणि तिच्या मागे उभं असताना मला तू दिसत होतीस, पदरात अंडी धरून. माळावरून येणारा वारा बाभळीत अडकायचा आणि हळूच सुटायचा. असल्या उन्हात काळ जागचा हलत नाही.

गेली तीन वर्षं ती घरी बसून परदेशातल्या लोकांचं काम करते. मेहनताना संगणकावरच्या नाण्यांत मिळतो. ती नाणी ठेवायच्या पेट्याही संगणकावरच. तिथे राखणीला माणूस नाही, आधी लिहून ठेवलेले नियमच पेटी उघडतात आणि लावतात. ती त्याला कॉन्ट्रॅक्ट म्हणते. तिची जुनी पेटी आता बंद होणार होती. सगळं नव्या पेटीत नीट गेलं, तरच तिला परदेशी शिकायला जाता येणार होतं.

"मधेच फसलं तर?" मी विचारलं.

"बहुतेक वेळा सगळं मागं येतं, पाठवायची फी तेवढी जळते. पण चुकीच्या पेटीत पडलं तर कायमचं तिथंच. नुसतं दिसत राहतं, काढता येत नाही. आणि पप्पा, मानेवर श्वास नका सोडू, धडकी भरती मला."

तिनं बटण दाबलं. पडद्यावर एक गोल फिरू लागला. नाणी इथेही नव्हती, तिथेही नव्हती. मी डोळे मिटले.

त्या वर्षी अंड्यांवर बसवल्याच्या दहाव्या दिवशी मुंगसानं आपली खुडूक कोंबडी धरली होती. अंडी अजून कोमट. शेजारणीची कोंबडी खुडूक बसलेली होती, तिच्याखाली ती हलवायची होती. मी नुकताच डेअरीत लागलेलो, सायकल दारात, उशीर झालेला. तुझ्या पदरातून सगळी उचलतो आणि एकदम तिच्या पुढ्यात लोटतो. ती फडफडत उठते, चोच मारते, दोन अंडी फुटतात. तू ओरडत नाहीस. उरलेली पुन्हा पोटाशी धरतेस आणि म्हणतेस, "कोंबडी हाय ती, टोपली न्हाई. एक ठिव आंधी. तिनं पोटाखाली घेतलं तर मंग बाकीची." मी एक ठेवलं. कोंबडी ते पोटाखाली घेईपर्यंत किती वेळ तू तशीच उभी राहिलीस, ओठांत देवाचं नाव घेत. मी डेअरीत गेलोच नाही.

डोळे उघडले तेव्हा पडद्यावर तांबडी अक्षरं होती. व्यवहार फसला होता. नाणी जुन्या पेटीत परत आली होती, फी गेली होती. पोरीचा चेहरा उतरला. ती पुन्हा सगळीच पाठवायला निघाली, तेव्हा मी म्हणालो, "एकच पाठव आधी. तुझी आजी असंच करायची." अंड्यांची गोष्टही सांगितली.

"आजी या धंद्यात असती तर बंगला बांधला असता तिनं," ती हसली आणि एकच नाणं पाठवलं. तेही फसलं. पण एकटंच असल्यामुळे तिनं शांतपणे पाहिलं, तर फीची मर्यादा कमी ठेवलेली. ती वाढवली. नाणं गेलं. मागोमाग बाकीचीही गेली. संध्याकाळी तिनं तिकीट काढलं.

हे कागद कुठे पाठवायचे नाहीत, म्हणूनच लिहितो. गोल फिरत होता तेव्हा माझे हात जोडलेले होते. पण मी देवाला म्हणत होतो, अडकू दे, थोडे दिवस तरी अडकू दे. तांबडी अक्षरं दिसली तेव्हा आधी मला बरं वाटलं, वाईट नंतर वाटलं. आणि ते 'एकच पाठव' म्हणणंही तुझ्या शहाणपणातून आलं नव्हतं. तेवढाच वेळ जाईल, आणखी एक दुपार ती पडवीत बसेल, एवढंच मनात होतं.

ती पाया पडली आणि म्हणाली, "पप्पा, तुम्ही नसता तर जमलं नसतं."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.