म्हणता न येणारी ओळ

मांय,

गेल्या रविवारीही मी चर्चमध्ये, मिसेत, त्या ओळीपाशी गप्प राहिले. सगळे उभे राहून विश्वासाची प्रार्थना म्हणतात, मीही म्हणते, आणि मेलेली माणसं देहासकट पुन्हा उठतील असं म्हणायची वेळ आली की माझे ओठ मिटतात. पुढच्या शब्दावर मी परत सगळ्यांत मिसळते. शेजारच्या बाईला कळतही नाही. मला मात्र त्या क्षणी तू आठवतेस. मी अकरा वर्षांची आहे, तुझ्या डाव्या अंगाला उभी आहे, आणि तुझा आवाज, जो सगळ्या बायकांच्या वर लागायचा, तो नेमका तिथेच थांबतो. एक श्वास जातो. मग तू पुन्हा म्हणू लागतेस. त्या वर्षी आपला भाव, माझा थोरला भाऊ, गेला होता.

हे मी मराठीत लिहितेय. घरात आपण कोंकणी बोललो, देवाशीही कोंकणीच बोललो, पण पत्र लिहायचं म्हटलं की तू मराठीच काढायचीस, कारण हळर्णच्या शाळेत तुला अक्षरं मराठीतच मिळाली होती. बोटीवर नोकरीला असलेल्या पायला, माझ्या वडिलांना, तू लिहायचीस ती पत्रं मी चोरून वाचायचे. भाव गेल्याचं पत्र तू किती दिवस लिहीत होतीस ते मला आठवतं. तार आधीच गेली होती, तरी तू लिहीत होतीस, आणि रोज एकच कागद फाडत होतीस.

तो सतरा वर्षांचा होता. पास्कांच्या, म्हणजे ईस्टरच्या, आधीचे उपवासाचे दिवस होते. शेजारचा काका होडी घेऊन पलीकडच्या काठावर लाकडं आणायला निघाला, आणि हा त्याच्या मागे लागला, मलाही घे, मलाही घे. काका नको म्हणत होता, हे मी स्वतः ऐकलं होतं, पण पुढे कितीतरी वर्षं मी ते कुणाला सांगितलं नाही. परत येताना भरती लागली होती. लाकडं एका बाजूला सरकली आणि होडी कलंडली. भावाला पोहता येत होतं, पण त्याचा पाय दोरीत अडकला. काकाने त्याला धरलं होतं. त्याच्या हातात नुसता सदरा राहिला. भाव दोन दिवसांनी खालच्या वळणावर सापडला, आणि तोवर काका तो ओला सदरा हातात घेऊन काठावर बसून होता. गावाने त्याला काय काय म्हटलं ते तुला माहीत आहे. स्वतः पोहून आला आणि पोराला सोडलं, असंही म्हणाले. आपलं घर वाड्यावरचं एकटं ख्रिस्ती घर, पण त्या महिन्यात सगळा गाव आपल्या बाजूने होता. काकाच्या बाजूने कुणी नव्हतं.

मग एक दिवस दुपारी त्याची बायको मागच्या दाराने आली. तू चुलीपाशी होतीस. ती उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली आणि म्हणाली, "बाये, तो जेवना. वीस दीस जाले, खोलयेतल्यान भायर सरना. बैलाची दोरी हांवें लिपोवन दवरल्या." दोरी लपवून ठेवलीय हे सांगताना तिचा आवाज इतका साधा होता की मला त्याचा अर्थ कितीतरी वेळाने लागला. तू तिला पाणी दिलंस. दुसऱ्या दिवशी सकाळी तू माझा हात धरलास आणि आपण त्याच्या घरी गेलो. त्याच्या खोलीचं दार आतून लावलेलं होतं. तू दारावर हात ठेवलास आणि म्हणालीस, "वायंगण पिकलां. कापूक माणूस मेळना. भायर यो." आपण परत आलो. तिसऱ्या दिवशीही तेच, पाचव्या दिवशीही तेच. शब्दही तू बदलले नाहीस. त्याची माफी, देवाची इच्छा, यातलं तू काहीच बोलली नाहीस. भात पिकलंय, माणूस नाही, बाहेर ये. आठव्या दिवशी कडी वाजली. दाढी वाढलेला, डोळ्यांवर उजेड सहन न होणारा तो माणूस दारात आला, आणि तू त्याच्या हातात कोयता दिलास. मला वाटलं होतं, तू त्याला मारशील. मला तेच हवं होतं.

पहिल्या दिवशी तू मला मळ्यात पेज घेऊन यायला सांगितलंस. दोन टोपं होती, एक तुझं, एक त्याचं. वाटेत, बांधाच्या आडोशाला, मी झाकण काढून त्याच्या पेजेत थुंकले. तू वरून बघत होतीस हे मला माहीत नव्हतं. मी आले, तू माझ्याकडे नीट पाहिलंस. आता मार बसेल म्हणून मीच आधी ओरडले, "ताणेंच मारलो ताका!" काका खाली बसलेला होता, त्याने ऐकलं. त्याने मानही वर केली नाही. तू माझ्या हातातून ती दोन्ही टोपं घेतलीस, तुझं त्याच्यापुढे ठेवलंस, आणि त्याच्यासाठी आणलेलं स्वतःपुढे ओढलंस. "ही म्हाका," एवढंच म्हणालीस. माझ्याकडे बघत बघत तू ती सगळी पेज प्यायलीस, लोणच्याच्या फोडीसकट. तू मला कधी हात लावला नाहीस, पण त्याहून मोठा मार मला आयुष्यात बसलेला नाही. थोड्या वेळाने तू उठून बांधापलीकडे गेलीस. तिथे तू वाकून ओकत होतीस. माझ्या थुंकीमुळे, असं मला वाटलं, आणि ते मी मनात धरून मोठी झाले.

पास्कांच्या आदल्या दिवशी तू वाफवायच्या सान्नांसाठी तांदूळ वाटत होतीस. रगड्यावर तुझा हात फिरत होता आणि मी हाताशी बसून पाणी घालत होते. मी विचारलं, मिसेत तू ती एक ओळ का म्हणत नाहीस? तुझा हात थांबला नाही. तू म्हणालीस, "म्हाका म्हणूक जायना, बाय. देखून हांव ताच्या दारार वतां." म्हणता येत नाही, म्हणून त्याच्या दारी जाते. मला काही कळलं नाही. मला वाटलं तू विषय टाळलास. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये घंटा वाजल्या, लोकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या, आणि घरी आल्यावर तू पहिली सान्नां केळीच्या पानात बांधून त्याच्या घरी पाठवलीस. मलाच पाठवलंस. त्यानंतर दर वर्षी आपलं वायंगण त्यानेच कापलं. तू गेलीस तेव्हा तुझ्या पेटीला पुढून खांदा देणाऱ्यांत तो होता, सत्तरीचा, वाकलेला. फादरनी त्याला बाजूला व्हायला सांगितलं, वय झालंय म्हणून. तो हलला नाही.

तुला जाऊन आता बावीस वर्षं झाली. जिथे तुला पुरलं तिथे आता दुसरं माणूस आहे, आपल्याकडे जागा थोडी. तुझी हाडं काढली तेव्हा मी गेले नाही. शाळा आहे असं सांगितलं. मी डिचोलीत राहते, सरकारी शाळेत मराठी शिकवते, आणि अठरा वर्षं रविवारी मुलांना दोतोर्न, म्हणजे ख्रिस्ती धर्माची शिकवण, शिकवली. पुनरुत्थानाचा धडा आला की मी तुझी गोष्ट सांगायचे. येशू उठला हे फक्त पुस्तकात नाही, रोज कुणीतरी कुणाच्या तरी कबरीच्या दारावरची धोंड सरकवत असतं, वगैरे. छान सांगायचे. पेजेचा भाग गाळायचे. मुलं ऐकायची, एकदा तर एक आई रडली होती, आणि मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं. मांय, मला त्यातलं काही माहीत नव्हतं.

माझी मुलगी दोन वर्षांची होईपर्यंत तू पाहिलीस. तुझ्या केसांचा अंबाडा सोडायची ती. चौदा महिन्यांपूर्वी ती गेली. तेवीस वर्षांची होती. तिची मैत्रीण स्कूटर चालवत होती, ही मागे बसली होती. आमोण्याच्या बाजूला एक वळण आहे, तिथे मैत्रिणीला वेग आवरला नाही. मैत्रिणीचा हात मोडला. आपली पोर जागच्या जागी गेली. त्या मैत्रिणीचे वडील खाणीच्या ट्रकांवर काम करायला सिंधुदुर्गातून आले आणि इथेच राहिले. आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून त्यांचं घर. दोघी पहिलीपासून एका बाकावर. माझ्या हातचं तिने इतकं खाल्लंय की तिला काय आवडतं ते मला तिच्या आईपेक्षा जास्त माहीत आहे. मातीला ती आली नाही. मी मनात म्हटलं, आली असती तर मी हाकललं असतं. तेव्हापासून माझा नवरा घरात त्या मैत्रिणीचं नाव काढू देत नाही, आणि मला ते सोयीचं होतं.

यंदा उपवासाच्या दिवसांत तिच्या आईचा फोन आला. "टीचर, ती खोलीतून बाहेर येत नाही. नोकरी सोडली. जेवण दारात ठेवावं लागतं. तुम्हाला सांगायला मला तोंड नाही, पण दुसऱ्या कुणाला सांगू?" मी हं हं केलं आणि फोन ठेवला. मांय, मला तुझा राग आला. तू ते केलं नसतंस तर मला कुणी विचारलं नसतं. मी चार दिवस काढले. पाचव्या दिवशी, नवऱ्याला न सांगता, गेले. तिच्या दारासमोर उभी राहिले. माझ्याकडे कापायला भात नव्हतं. मी म्हटलं, "शाळेच्या वाचनालयातली पुस्तकं लावायची आहेत. माझ्याच्याने एकटीने होत नाही. येशील का?" घरी येऊन मी न्हाणीत ओकले. फरशीवर बसून राहिले, आणि तेव्हा मला बांधापलीकडची तू दिसलीस. ते माझ्या थुंकीमुळे नव्हतं. तू त्याला जेवताना पाहत होतीस. ज्या हातातून तुझा मुलगा सुटला तो हात तुझ्यासमोर टोपात जात होता आणि तोंडाकडे येत होता. आणि तू दुसऱ्या दिवशीही पेज केलीस.

मी पाच वेळा गेले. पास्कांच्या दिवशी गेले नाही, तेव्हा जमलं नसतं. काल सहाव्यांदा गेले, आणि दार उघडलं.

ती केवढी वाळलीय. केस तिने स्वतःच कापलेत, वेडेवाकडे. आम्ही पलंगावर बसलो, मध्ये एक माणूस मावेल इतकी जागा सोडून. तिच्या आईने चहा आणून ठेवला आणि ती दाराबाहेर गेली. मग पोरगी म्हणाली, "आंटी, हेल्मेट एकच होतं. मी तिला म्हटलं तू घाल. ती म्हणाली, तू चालवतेस, तूच घाल. मी घातलं, आंटी. मी का घातलं?" आणि ती रडायला लागली, आवाज न करता, तोंड उघडं टाकून, लहानपणी पडल्यावर रडायची तशी. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिचा मणका न् मणका हाताला लागत होता. मला वाटलं होतं, हात लावला की माझ्यातलं काहीतरी वितळेल. तसं झालं नाही. हात हातच राहिला. तरी मी तो काढला नाही. सोमवारी ती शाळेत येणार आहे, पुस्तकं लावायला. येईल की नाही माहीत नाही. नाही आली तर मंगळवारी मी परत जाईन.

एवढंच सांगायला मी लिहायला बसले होते. तुला बरं वाटावं म्हणून. पण अजून एक आहे, मांय. त्या दिवशी सकाळी माझी मुलगी चपला घालता घालता म्हणाली होती, "मम्मा, दुसरं हेल्मेट खंय?" ते माळ्यावर होतं. स्टूल घेऊन काढावं लागलं असतं, आणि माझी भाजी गॅसवर होती. मी म्हटलं, जवळच तर जाताय, उशीर होईल, जा. काल ती पोरगी माझ्या हाताखाली रडत होती तेव्हा तिला हे सांगायला मला फक्त तोंड उघडायचं होतं. मी चहा संपवला आणि सोमवारी ये म्हणून निघून आले. नवऱ्याला मी हे सांगितलेलं नाही, कुंपसारात, पापं कबूल करताना, फादरनाही नाही. तुलाही आज सांगतेय ते हे पत्र तुझ्यापर्यंत पोचणार नाही म्हणून.