भोपळेराजाचा खरा शेवट

२ नोव्हेंबर, रविवार

किळस आली. दुसरा शब्द नाही.

शीळफाट्याच्या पुढे ‘मौजबन’ नावाचं पार्क आहे. तिथे माझ्या लहानपणापासून ‘भोपळेराजाचा दरबार’ हा हलत्या बाहुल्यांचा खेळ चालतो. आज त्यांनी त्याचा व्हिडिओ टाकला. नवा अवतार म्हणे. राजाचं पोट काढून टाकलंय. भोपळेराजा, आणि पोट नाही. अंगात ट्रॅकसूट, हातात हिरवा ज्यूस. प्रधानजी मोबाइल बघतो. दासी रॅप करतात. सगळ्यांचे डोळे निळे पेटतात, जसे काही सेलवर चालणारे राक्षस.

बघून जेवण गेलं नाही. रुचिता, म्हणजे बायको, म्हणाली, तीन पोळ्या गेल्या की. मला चौथी म्हणायची होती.

निश्चय: हे होऊ द्यायचं नाही. या खेळाचा माझ्याएवढा चाहता ठाणे जिल्ह्यात नाही.

३ नोव्हेंबर, सोमवार

ऑफिसात बसून व्हॉट्सॲप ग्रुप काढला. नाव ‘खरा भोपळेराजा’. शाळेची बॅच, सोसायटी, रुचिताचा भाऊ, दिसेल त्याला ॲड केलं. महिनाअखेरीस पाच हजार होतील.

ग्रुपवर भूमिका मांडली. प्रश्न पोटाचा नाही. प्रश्न शेवटाचा आहे. जुन्या खेळात राजा सगळ्यांची गाऱ्हाणी ऐकतो, मग सावकाश मान वळवतो आणि म्हणतो, प्रधानजी, खरं सांगायचं तर... आणि तिथेच थांबतो. हात वर, तोंड उघडं. दिवे जातात, संगीत थांबतं, हॉलभर मिट्ट काळोख. संपला खेळ. राजाला खरं बोलता येत नाही. केवढी मोठी गोष्ट आहे ही. भाऊ, म्हणजे माझे वडील, त्या काळोखात माझा हात धरायचे आणि कानात सांगायचे, हाच शेवट बरं का. कला कळणारा माणूस होता.

नव्या व्हिडिओत त्या वाक्यानंतर राजा चक्क नाचतो. शिसारी आली.

एवढं लिहिल्यावर ग्रुपवर एक अंगठा आला. रुचिताच्या भावाचा. चुकून, असं तो नंतर म्हणाला.

७ नोव्हेंबर, शुक्रवार, दुपारी

मौजबनला पाठवायचं पत्र टाइप करायला सुट्टी टाकली. ऐन भरात असताना लाईट गेली. स्क्रीन काळी. ‘सत्तेचं मौन हे’ एवढ्यावर वाक्य तुटलं. सेव्ह केलेलं नव्हतं.

डोंबिवलीत शुक्रवार म्हणजे हे आलंच. एमआयडीसीला सुट्टी, मग दुरुस्तीही शुक्रवारीच. लहानपणापासून बघतोय. माणूस एखाद्या वाक्याच्या मधोमध असू शकतो, याची यांना काही पडलेली नाही. वैताग.

भाऊंनाही सुट्टी शुक्रवारचीच. एमआयडीसीत रंगाच्या कंपनीत होते. शाळा सुटली की मला घेऊन थेट मौजबन, चारच्या जरा आधी सुरू होणारा खेळ. दर शुक्रवारी जायचो. आई म्हणाली, फार तर तीनदा गेला असाल. आईचं आता वय झालंय.

९ नोव्हेंबर, रविवार

ग्रुपवर चर्चा पेटली. समाज किती खालावलाय ते दिसलं.

प्रीतम, शाळेतला मित्र, हल्ली कोपरीला असतो. त्याने लिहिलं, भाई मी पण गेलेलो लहानपणी, राजाच्या बाहीतून उंदीर बाहेर आलेला, आठवडाभर झोपलो नव्हतो, नवीनवाला मस्त आहे. नंदा म्हणून कोणी बाई आहेत, त्यांना ट्रॅकसूटचा रंग आवडला. कल्याणच्या विकीने विचारलं की ज्यूस खरा आहे का.

पण खरी किळस पुढे. कोणीतरी लिहिलं, जुन्या खेळातही शेवटी राजा नाचायचा, हातात पळी घेऊन. मी उत्तर दिलं की ही खोटी आठवण आहे, असं होतं माणसाचं. तर आणखी चार जणांनी लिहिलं, हो हो, पळी. शिवाय गाणंही म्हणून पाठवलं. विकलेली माणसं. सगळ्यांना ग्रुपमधून काढलं. ग्रुप लहान झाला पण शुद्ध झाला.

रुचिताने विचारलं, तू स्वतः शेवटचा कधी पाहिलास? मी म्हणालो, चौथीत. ती म्हणाली, आणि त्यानंतर? मी म्हणालो, त्यानंतर मी ती आठवण जपली. तिने मटार सोलायला घेतले. तिला पटलं असावं.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज मौजबनच्या गेटवर आंदोलन. सकाळी अकराची वेळ दिली होती. फलक स्वतः रंगवला: ‘राजाला गप्प राहू द्या’. सान्वीने विचारलं, बाबा, हे आपण त्याच्या बाजूने आहोत की विरुद्ध? दहा वर्षांच्या मुलीला काय समजावणार.

रिक्षा शीळफाट्याला अडकली. चहूबाजूंनी ट्रक, कोणी हलेना. एवढा जाम आंदोलनामुळेच झाला असणार. रिक्षावाल्याला तसं म्हटलं तर तो म्हणाला, साहेब, इथे रोजच आंदोलन असतं.

पोचलो तेव्हा दुपार झाली होती. गेटवर प्रीतम. डोळे भरून आले. मग कळलं की तो पोरांना घेऊन पाण्याच्या घसरगुंड्यांवर आलाय. त्याने पाच मिनिटं फलक धरला, त्यातही उलटा.

मौजबनचा मॅनेजर, सिद्धेश नाव, बाहेर आला. पोरगेलासा, नम्र. माझी सगळी पत्रं वाचल्याचं म्हणाला. चेहऱ्यावर थकवा दिसत होता, वाचनाचाच असेल. मी शेवटाबद्दल सविस्तर बोललो. तो हो सर, हो सर म्हणत होता. घाबरलाय.

२० नोव्हेंबर, गुरुवार

विजय.

सिद्धेशचा फोन. जुन्या चाहत्यांसाठी एक खास खेळ ठेवतायत, पुढच्या शुक्रवारी. जुनी बाहुली गोदामातून काढणार, पोटासकट. आणि शेवट मी म्हणेन तसा. सर, एकदा करून टाकू, मग तुमची पत्रं थांबतील ना, असं म्हणाला. मी मोठ्या मनाने हो म्हटलं.

ऑफिसात सांगितलं. साहेब म्हणाले, त्या दिवशी हाफ डे लागेल. क्षुद्र माणूस.

आईला मुद्दाम नेणार. भाऊंच्या जागी.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार, रात्री

नीट लिहिता येत नाही, पण लिहितो.

हॉल भरला होता. बहुतेक ग्रुपमधून काढलेले लोक. सुरुवातीला मी चार शब्द बोललो. सत्ता, सत्य, मौन. टाळ्या पडल्या, मी बसल्यावर जास्त. पडदा सरकला. तोच राजा. तेच पोट, रंग उडालेलं. मान वळताना तीच कुरकुर. डाव्या हाताला आई, उजवीकडे सान्वी, पलीकडे रुचिता.

राजा म्हणाला, प्रधानजी, खरं सांगायचं तर... आणि सिद्धेशच्या माणसाने ठरल्याप्रमाणे सगळं बंद केलं. हात वर, तोंड उघडं. काळोख. तीस वर्षं ज्याची वाट पाहिली तो क्षण.

त्या शांततेत आई अगदी सहज म्हणाली, गेली वाटतं लाईट. शुक्रवार ना आज.

आख्खा हॉल हसला. मागून कोणीतरी ओरडलं, अरे हो, चारला जायची यार. सगळ्यांना आठवलं. मोबाइलचे टॉर्च लागले. लोक एकमेकांना लाईटचे किस्से सांगायला लागले. माझ्या भाषणाला नव्हती तेवढी दाद आईला मिळाली.

सिद्धेशने घाईघाईने बटण दाबलं. राजा पुढे बोलला. खरं सांगायचं तर मला भूक लागलीये, म्हणाला. मग पळी घेऊन नाचला. पोट हलत होतं. सगळा हॉल गाणं म्हणत होता, सगळ्यांना ते पाठ होतं. मी सोडून.

परतताना रिक्षात आईला विचारलं, तुला आधीपासून माहीत होतं का? ती म्हणाली, अरे, सगळ्या डोंबिवलीला माहीत होतं. चारला लाईट जाणार म्हणून तर शुक्रवारी तिकीट अर्ध्या दरात मिळायचं. कंपनी धड चालत नव्हती तेव्हा, पूर्ण तिकिटाचं जमत नव्हतं. पहिल्यांदा तू फार रडलास, पुढे काय झालं म्हणून. तेव्हा ह्यांनी ते शेवटाचं काढलं. मोठा झाला की सांगू म्हणाले होते. राहूनच गेलं.

मग म्हणाली, ह्यांनीही तो नाच कधी पाहिला नाही.

किळस आली. पण कोणाची, ते नीट ठरेना. मग कळलं की ती किळस नाही, रडू आहे. शीळफाट्याला जाम होता, त्यामुळे भरपूर वेळ मिळाला.

३० नोव्हेंबर, रविवार

विचार केला. भूमिकेत बदल नाही. लाईट गेल्यामुळे शेवट झाला, हे मान्य. पण झालेला शेवट चांगला होता. पळीचा शेवट भिकार आहे. नव्या खेळातला त्याहून भिकार. तुलनेसाठी आणखी एकदा बघून यावं लागेल. सान्वीलाही न्यावं. पूर्ण तिकीट काढून.

ग्रुपवर हे लिहिलं. ग्रुपमध्ये आता मी आणि रुचिताचा भाऊ. तो म्हणाला की त्याला बाहेर कसं पडायचं ते सापडत नाहीये.

१२ डिसेंबर, शुक्रवार

मौजबन पुढच्या आठवड्यावर ढकललं. सर्दी आहे.

दुपारी घरी. सान्वी टीव्हीवर काहीतरी बघत होती. ससा आणि त्याची हरवलेली आजी. ससा दार उघडतो, आजी दिसणार, इतक्यात लाईट गेली. घरभर शांतता. सान्वी रिमोट धरून तशीच बसली.

तिच्याजवळ जाऊन बसलो. तिचा हात धरला. अगदी हळू, भाऊंसारख्याच आवाजात म्हणालो, संपलं बरं का. हाच शेवट.

तिने माझ्याकडे बघितलं. बाबा, लाईट गेलीये, म्हणाली, आणि उरलेलं मोबाइलवर लावलं.