कैलासबाई हयात आहेत

सोम. ४ सप्टें.
मुकुंदवाडीहून निघायला उशीर. बसमध्ये फुलंब्रीपर्यंत उभी. पुढं जागा मिळाली तर शेजारणीच्या मांडीवर कोंबडी. तहसील कचेरीत पोचायला साडेदहा. निराधार योजनेच्या टेबलापुढं रांग लागलेली. टेबल माझं, दुसऱ्या कोणाला नकोच असतं.

एक म्हातारी, कैलासबाई जाधव. विधवा, मूलबाळ नाही. तीन महिन्यांपासून अनुदान बंद. बँकेतला म्हणाला, वरूनच बंद आहे. आमचे ऑपरेटर शकीलभाई, कंत्राटी, पण पोर्टलचं पोट कळणारा कचेरीतला एकमेव माणूस. त्यांनी बघितलं आणि आवाज खाली आणला. "मॅडम, ये तो मयत दिखा रहा."
म्हातारीला ऐकू गेलंच. "मयत? मंग हे कोन बसलंय ओ हितं?"
रांग हसली. मीही हसले. हसायला नको होतं.
उद्या दुरुस्त करून टाकू.

मंगळ. ५
कै.चं काम झालं नाही. हयातचा मयत करायला पोर्टलवर एक टिचकी पुरते. मयताचा हयात करायला बटणच नाही. शकीलभाईंनी सगळी स्क्रीन फिरवून दाखवली. "उधर से कोई वापस आताच नै ना मॅडम, इसलिए नै रखे."
नवा अर्ज भरून पाहिला. 'सदर आधार क्रमांकाची व्यक्ती मयत आहे.' झालं. आता पोर्टलशी कोण भांडणार!

शुक्र. ८
नायब तहसीलदार साहेब म्हणाले, जिल्ह्याला प्रस्ताव पाठवा. हयातीचा दाखला, पंचनामा, दोन साक्षीदार. पंचनाम्याला तलाठी आणि मी तिच्या गावी. कै. दारात ज्वारी निवडत होती. तलाठ्यानं वही उघडली.
"कैलासबाई आपणच का?"
"व्हय."
"जिवंत आहात?"
रीतसर विचारावं लागतं म्हणे. तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं. "लिहा, आतापोतर हाय."
बी.पी.ची गोळी एक दिवसाआड घेते, पुरवायची म्हणून. अनुदान बंद झाल्यापासून हेच चाललंय. मी ओरडले. तर म्हणते, "काहून वरडता ताई? मव्हं पोट रोज इचारतं, गोळी रोज इचारत नाय."
नको नको म्हणताना चहा केलाच. साखर शेजारणीकडून आणली.

बुध. १३
लाभार्थी मेळावा. बसा भरून माणसं आणायचं फर्मान, प्रत्येक कचेरीनं आपापल्या वाट्याची. मांडव, कूलर, फुलांची कमान, कमानीवर माणसापेक्षा मोठे चेहरे. एवढा खर्च करायला मंजुरी दोन दिवसांत मिळते. माझ्या टेबलाचा प्रिंटर मार्चपासून बंद आहे.
आणि दुसऱ्या रांगेत कै.! ग्रामसेवकानं गाडीत घालून आणलेली. गळ्यात 'लाभार्थी' असं कार्ड. वरून भाषण, एकही निराधार वंचित राहणार नाही. टाळ्या. कै.नंही वाजवल्या.
"तुम्ही कशाला वाजवल्या हो?"
"सगळे वाजवत व्हते."
डोकं फिरलं. मेळाव्याच्या यादीत हयात, अनुदानाच्या यादीत मयत, आणि दोन्हींवर शिक्का आमच्याच कचेरीचा. नायब साहेबांना सांगितलं तर म्हणाले, हळू बोला, पत्रकार आहेत.

गुरु. २१
रजा. महालक्ष्म्या आल्या. भाज्या निवडताना, पुरण वाटताना डोक्यात प्रस्तावच. जिल्ह्याला पाठवून आठवडा होऊन गेला, फोन नाही. जाऊबाई म्हणाल्या, लक्ष कुठंय तुझं, पुरण लागतंय खाली. लागलंच.

मंगळ. २६
प्रस्ताव परत. आम्ही 'तांत्रिक चुकीमुळे' असं मोघम लिहिलं होतं. जिल्ह्याचा शेरा: 'तांत्रिक चूक म्हणजे काय? जबाबदार कर्मचाऱ्याच्या नावासह खुलासा सादर करावा.'
आजच जिल्ह्याच्या नव्या नावाचे शिक्केही आले. सगळे नवेकोरे शिक्के उमटवून बघत होते. अख्ख्या जिल्ह्याचं नाव बदलून शिक्क्यांसकट हातात येतं, आणि एका बाईपुढचा एक शब्द बदलत नाही. मी शिक्का उमटवला नाही. उगाच. माझ्या रागानं कोणाचं काय अडणार?
नायब साहेब म्हणाले, "शकीलचं नाव टाका. कंत्राटी आहे. काढला की विषय संपला." दोन चहा सांगा म्हणावं तसं म्हणाले. शकीलभाई तीन हातांवर बसलेले. टायपिंग थांबलं, परत सुरू झालं.
मी म्हटलं, आधी मूळ यादी बघते.

बुध. २७
यादी सापडली. उन्हाळ्यात गावोगाव फिरून पडताळणी केली होती ती, हातानं लिहिलेली. अक्षर माझं.
द्वा. शिंदे. सु. गायके. कै. जाधव.
शकीलभाईंनी 'कै.'वर बोट ठेवलं. "मैं पूछा था मॅडम आपको. कै. मतलब क्या होता करके."
आधी आठवेना. मग आठवलं. मी फोनवर होते, साहेबांना कुठलीशी माहिती सांगत. मागं वळूनसुद्धा न बघता मीच म्हणाले होते, कैलासवासी, गेलेल्या माणसाच्या नावाआधी लावतात.
त्यांनी तसं भरलं. भरणारच.
नावं आखडायची खोड वडिलांची, आप्पांची. निजामाच्या कचेरीत ते कारकून. पोलीस ॲक्शननंतर उर्दू सोडून मराठीत लिहायला लागले, पण कागद वाचवायची सवय सुटली नाही. मला पाटीवर शिकवलेलं, नाव आखडलं तरी चालतं, आकडा आखडू नये. एवढी वर्षं चाललं की!
रात्री ही वही मागं चाळली. पाच तारखेपासून मीही तिला कै., कै. लिहितेय. आता पुरे.

मंगळ. ३ ऑक्टो.
ह्यांना सांगितलं. ह्यांची कंपनी बंद पडल्यापासून घर माझ्यावर. शांतपणे ऐकून घेतलं, मग म्हणाले, "डिसेंबरअखेर सुटतेयस. आत्ता खुलासा दिलास की चौकशी लागणार, चौकशी लागली की पेन्शन अडकणार. तीन महिने गप्प बसायला काय जातं तुझं?"
बरोबर आहे त्यांचं. राग त्याचाच आला.
शकीलभाई हल्ली डबा एकटेच खातात. इतकी वर्षं माझं लोणचं आणि त्यांची खिचडी मधोमध ठेवून जेवलोय. दोन मुली शाळेत आहेत त्यांच्या. बोलले असते तर बरं झालं असतं.

शुक्र. ६
कैलासबाई आल्या होत्या. बसला पैसे नव्हते, दुधाच्या गाडीतून आल्या. पायरी चढताना दोनदा थांबल्या.
"ताई, चूक कोनाची हाय ते घावलं का?"
मी म्हणाले, शोधतोय.
"घावला तर लई बोलू नका त्येला. चुकतं मानसाचं. फकस्त मला जित्ती करा."
संडासात जाऊन रडले. कचेरीतल्या संडासाला कडी नाही, दार पायानं दाबून धरावं लागतं. बाहेरून कोणीतरी ढकलत होतं. धड रडूही देत नाहीत.

शनि. ७
सुट्टी. तीन वेळा खुलासा लिहिला, तीनदा फाडला. पहिल्यात 'अनवधानाने', दुसऱ्यात 'कामाच्या व्यापात'. तिसऱ्यात शकीलभाईंनी विचारलं होतं हेच गाळलं होतं मी. स्वतःची लाज वाटली.
ह्यांनी तुकडे उचलून कचऱ्यात टाकले.

सोम. ९
दिला. चौथा. एकही शब्द न आखडता. आवक शाखेत नेऊन ठेवला तर तिथला कारकून त्यावर आवक नंबर टाकेना. "साहेबांना विचारून टाकतो, मॅडम." पाच मिनिटांत नायब साहेबांनी आत बोलावलं.
"हा कागद मी अजून पाहिलेला नाही. तुम्हीही दिलेला नाही. डिसेंबर होऊ द्या, सुखानं घरी जा, मग बघू. म्हातारी कुठं पळून जातेय का?"
वाईट मनानं म्हणाले नाहीत. मला ती एक दिवसाआडची गोळी दिसत होती. तीन महिन्यांत अशा किती राहून जातील? "साहेब, नंबर टाकायला सांगा," एवढंच मी म्हणाले. ते म्हणाले, उद्या सकाळी परत बोलू.
बाहेर शकीलभाईंनी डबा उघडून ठेवला होता, लोणच्याला मधोमध जागा सोडून. उद्या परत 'नंतर बघू' म्हणाले तर मी ऐकेन की काय, याची भीती वाटते. ऐकायची सवय आहे मला.
कागद गहाळ होऊ नये म्हणून नक्कल इथं उतरवून ठेवते.

'श्रीमती कैलासबाई रामभाऊ जाधव या हयात आहेत. मी त्यांना समक्ष पाहिले आहे. यादीत त्यांचे नाव मी 'कै.' असे आखडून लिहिले. ऑपरेटर यांनी त्याचा अर्थ मला विचारला असता मी न पाहता चुकीचा सांगितला. ऑपरेटर यांचा दोष नाही. श्रीमती कैलासबाई यांना मयत मी केले आहे. श्रीमती कैलासबाई रामभाऊ जाधव या आजरोजी हयात आहेत.'

खाली माझी सही, पूर्ण नाव. आवक क्रमांकाची जागा कोरी आहे.